सादरीकरणाच्या साच्यापासून एचडीआर प्रतिमेपर्यंत : ऑनलाइन रूपांतराची प्रक्रिया आणि कातळशिल्पांच्या दस्तऐवजीकरणातील तिचे स्थान

प्रास्ताविक

प्रस्तुत लेखाचे निमित्त लहानसे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी कातळशिल्पांवरील प्रकल्पासाठी पॉवरपॉइंटमध्ये एक साचा तयार केला होता. शीर्षकाची पट्टी, जांभ्या दगडाच्या रंगाची पार्श्वभूमी, कोपऱ्यात नकाशा आणि प्रत्येक पानावर सड्यावर काढलेले एकेक छायाचित्र असे त्याचे स्वरूप होते. छायाचित्रे भर दुपारी घेतलेली असल्याने खोदलेल्या रेषा पांढरट कातळात विरून गेल्या होत्या. 'एचडीआर केले की चित्र उठून दिसते' असे कोणीतरी सांगितले, म्हणून त्यांनी तो साचा एका संकेतस्थळावर चढविला आणि उच्च गतिक पल्ल्याच्या, म्हणजेच एचडीआर, प्रतिमा उतरवून घेतल्या. फाइली पूर्वीपेक्षा कितीतरी पट मोठ्या झाल्या. रेषा मात्र होत्या तितक्याच अस्पष्ट राहिल्या. दरम्यान, आता 'चांगली प्रत' हाती आली या समजुतीने भ्रमणध्वनीतील मूळ छायाचित्रे जागा मोकळी करण्यासाठी पुसून टाकली गेली होती.

ही चूक विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणातून झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'अमुक फाइलीचे तमुक फाइलीत रूपांतर' अशी सोय आज शेकडो संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. त्या यादीत एचडीआर हे नाव जेपीजी किंवा पीएनजी यांच्या शेजारीच लिहिलेले असते. एका नावाची फाइल दुसऱ्या नावाची झाली म्हणजे तिच्यात त्या दुसऱ्या नावाचे गुण आले, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज कुठे बरोबर ठरतो आणि कुठे फसवितो, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न सदर लेखात केला आहे.

साच्याच्या फाइलीचे अंतरंग

सादरीकरणाचा साचा हे चित्र नव्हे. ती चित्र कसे काढावे याविषयीची सूचनांची वही असते. पॉवरपॉइंटच्या २००७ पूर्वीच्या आवृत्त्यांत ही वही पीओटी या नावाच्या बंदिस्त द्विमान स्वरूपात असे. २००७ च्या आवृत्तीपासून पीओटीएक्स हे स्वरूप आले. त्याचा पाया असलेले ऑफिस ओपन एक्सएमएल हे मानक २००६ मध्ये एक्मा या संस्थेने व २००८ मध्ये आयएसओने स्वीकारले. पीओटीएक्स फाइल म्हणजे वस्तुतः एक झिप गाठोडे होय. तिची एक प्रत करून नावाचा शेवट बदलून 'झिप' असा केला आणि ती उलगडली, तर आत अनेक कप्पे दिसतात. मुख्य साच्याचा एक, मांडणीच्या प्रकारांचा एक, रंगसंगती व टंक यांचा एक, आणि चित्रे ठेवण्याचा 'मीडिया' नावाचा एक. वाचकांनी हा प्रयोग एकदा अवश्य करून पाहावा. पुढील पुष्कळसे विवेचन त्यामुळे आपोआप स्पष्ट होईल.

रंगसंगतीच्या कप्प्यात बारा रंग नोंदविलेले असतात. दोन गडद, दोन फिकट, सहा उठावाचे आणि दोन दुव्यांचे. प्रत्येक रंग सामान्यतः लाल, हिरवा, निळा या तीन घटकांच्या ० ते २५५ या दरम्यानच्या आकड्यांनी सांगितला जातो. पानाचा आकार इंचाच्या ९,१४,४०० व्या भागात मोजला जातो. रुंद पडद्याचे प्रचलित पान १३.३३ इंच रुंद व ७.५ इंच उंच असते. अक्षरे ही अक्षरे म्हणूनच साठविलेली असतात, चौकोन हे चौकोन म्हणून. त्यामुळे साचा कितीही मोठा करून पाहिला तरी त्याच्या कडा फाटत नाहीत.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. शुद्ध साच्यात प्रत्यक्ष पाने एखाद-दुसरीच असतात, कधी एकही नसते. 'येथे शीर्षक लिहा' अशी जी रिकामी चौकट आपणास संपादनाच्या वेळी दिसते, ती छपाईत किंवा चित्ररूपात सहसा उतरत नाही. म्हणूनच साच्याचे रूपांतर करणाऱ्यास पुष्कळदा नुसती पार्श्वभूमी हाती लागते आणि फाइल बिघडली असे त्यास वाटते. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात दाखविण्याजोगे काही लिहिलेलेच नसते.

एचडीआर : शब्द एक, अर्थ तीन

गोंधळाचे खरे मूळ या संज्ञेत आहे. एचडीआर हा शब्द आज निदान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिला अर्थ फाइलीच्या स्वरूपाचा. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८० च्या दशकात इमारतींमधील प्रकाशाचे गणित करणारी 'रेडियन्स' ही संगणकप्रणाली विकसित केली. खिडकीतून येणारे ऊन आणि खोलीच्या कोपऱ्यातील अंधार या दोहोंचे मूल्य एकाच चित्रात साठवायचे तर ० ते २५५ ही पट्टी अपुरी पडते. वॉर्ड यांनी प्रत्येक पिक्सेलसाठी चार बाइट योजले. तीन बाइट तीन रंगांसाठी आणि चौथा बाइट तिघांना मिळून एक समाईक घातांक. या एका युक्तीने अत्यंत मंद प्रकाशापासून सूर्यबिंबापर्यंतची कोणतीही तेजस्विता चार बाइटांत मावते. ऑनलाइन रूपांतरकाच्या यादीतील 'एचडीआर' हे बहुधा हेच स्वरूप होय.

दुसरा अर्थ छायाचित्रणातील पद्धतीचा. एकाच दृश्याची कमी-अधिक प्रकाशकालाची अनेक छायाचित्रे घेऊन त्यांतून दृश्यातील खऱ्या प्रकाशाचे मूल्य काढणे, ही ती पद्धत. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडलेली रीत या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. त्यांच्या शोधनिबंधातील प्रसिद्ध उदाहरण एका चर्चच्या अंतर्भागाचे आहे. ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत प्रकाशकाल निम्म्यानिम्म्याने कमी करीत त्यांनी १६ छायाचित्रे घेतली होती. रंगीत काचांतून येणारा झगझगीत उजेड आणि आतील काळोख यांपैकी कोणतेही एक छायाचित्र दोन्ही टिपू शकत नव्हते. तिसरा अर्थ पडद्याचा, म्हणजे अधिक तेजस्वी दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी यांचा. त्याचा येथे फारसा संबंध नाही. (याशिवाय एक चौथा, बाजारी अर्थही आहे. रंग भडक करून आणि कडांभोवती प्रभावळ आणून केलेल्या चित्रालाही लोक 'एचडीआर इफेक्ट' म्हणतात. त्याविषयी न बोललेले बरे.)

विद्यार्थ्यांना हवा होता दुसरा अर्थ. संकेतस्थळाने दिला पहिला. डबा बदलला, पण डब्यात घालायचा जिन्नस तोच राहिला.

रूपांतर प्रत्यक्षात कसे घडते

साच्यातून थेट एचडीआर प्रतिमा होत नाही. मध्ये किमान दोन टप्पे असतात. प्रथम संकेतस्थळाच्या संगणकावरील एखादी कार्यालयीन प्रणाली साचा उघडते. लिबरऑफिससारखी मुक्त प्रणाली पडद्याविना, केवळ आज्ञेवर चालविता येते, म्हणून अशा कामासाठी ती सोयीची असते. तिच्याकडून प्रत्येक पानाचे पीडीएफ किंवा चित्र तयार होते. या टप्प्यावर सूचनांच्या वहीचे पिक्सेलांच्या जाळीत रूपांतर होते. ॲनिमेशन, पान बदलण्याचे परिणाम, दुवे, वक्त्यासाठीच्या टिपा आणि मुख्य म्हणजे संपादनक्षमता येथेच संपुष्टात येते. दर इंची ९६ ठिपके धरले तर रुंद पान १२८० × ७२० पिक्सेलांचे होते. ३०० ठिपके धरले तर ४००० × २२५० चे. किती ठिपके धरले हे अनेक संकेतस्थळे सांगतही नाहीत.

दुसऱ्या टप्प्यात हे चित्र इमेजमॅजिकसारख्या प्रणालीकडून एचडीआर स्वरूपात लिहिले जाते. येथे एक सूक्ष्म परंतु निर्णायक पायरी आहे. पडद्यासाठीचे ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. १९९९ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या एसआरजीबी या पद्धतीनुसार ते एका वक्राने वाकविलेले असतात, जेणेकरून डोळ्याला जाणवणारे टप्पे साधारण समान पडावेत. एचडीआर स्वरूपात मात्र प्रकाशाचे सरळ, रेषीय मूल्य अपेक्षित असते. तेव्हा वक्र आधी सरळ करावा लागतो. १२८ हा मधला करडा रंग सरळ केल्यावर ०.५ होत नाही, सुमारे ०.२१६ होतो. रूपांतरित फाइलीत तो ०.५ सापडला तर ही पायरी वगळली गेली आहे असे खुशाल समजावे. असे चित्र धुऊन निघाल्यासारखे फिकट दिसते. कोणत्याही रूपांतरकाची परीक्षा करण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे. साच्यात १२८, १२८, १२८ या रंगाचा एक चौकोन ठेवावा आणि परिणाम मोजावा.

एका तपकिरी रंगाचा प्रवास

विद्यार्थ्यांच्या साच्यातील पार्श्वभूमीसारखा जांभ्याचा तपकिरी रंग घेऊ. लाल १६०, हिरवा ८२, निळा ४५. वक्र सरळ केल्यावर हे आकडे अनुक्रमे सुमारे ०.३५१५, ०.०८४४ आणि ०.०२६२ होतात. सर्वांत मोठा आकडा लालाचा, तो ०.५ ते १ यांच्या दरम्यान बसविण्यासाठी दोनाने गुणावा लागतो, म्हणून समाईक घातांक उणे १ ठरतो. (साठविताना त्यात १२८ मिळवितात, म्हणजे फाइलीत १२७ लिहिले जाते.) आता प्रत्येक मूल्य ५१२ ने गुणले की तीन बाइट मिळतात. लाल १७९ किंवा १८०, पूर्णांकन कसे केले त्यावर अवलंबून, हिरवा ४३, निळा १३.

निळ्याकडे जरा लक्ष द्यावे. त्याचे खरे गुणोत्तर १३.४ होते; .४ कापला गेला. उलट दिशेने साधे गणित करीत पुन्हा पडद्याच्या आकड्यांत आलो तर ४५ च्या जागी ४४ मिळतो. फरक डोळ्याला दिसणारा नाही, पण अर्थपूर्ण आहे. घातांक समाईक असल्याने तेजस्वी घटकाच्या सोबतीला असलेल्या मंद घटकाची अचूकता घटते. म्हणजे या रूपांतरात माहितीची भर तर पडली नाहीच, उलट किंचित घट झाली. शिवाय या स्वरूपात पारदर्शकतेसाठी जागा नाही; साच्यातील अर्धपारदर्शक बोधचिन्ह पार्श्वभूमीत कायमचे मिसळून जाते.

मग फाइल एवढी मोठी का होते? ४००० × २२५० पिक्सेलांचे पान प्रत्येकी चार बाइटांनी ३ कोटी ६० लाख बाइट घेते. हे स्वरूप सलग सारख्या मूल्यांचे तेवढे संक्षेपण करते. एकरंगी पार्श्वभूमी चांगली आकसते, छायाचित्र फारसे आकसत नाही. आकाराची ही वाढ गुणवत्तेची वाढ आहे असा भास होतो. पाव लिटर दूध पाच लिटरच्या कॅनमध्ये ओतल्याने ते पाच लिटर होत नाही, एवढेच येथे म्हणता येईल.

छायाचित्राचे काय झाले

खरे नुकसान रंगात नव्हे, तपशिलात झाले होते. त्याचा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. समजा, मूळ छायाचित्र ४००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात कातळाचा आठ मीटर रुंदीचा भाग आला आहे. म्हणजे एक पिक्सेल दोन मिलिमीटर. तीन सेंटिमीटर रुंदीची खोदरेषा १५ पिक्सेल व्यापते. तिची कड, तिची खोली, छिन्नीसारख्या हत्याराच्या खुणा असल्याच तर त्यांचा अंदाज, हे सर्व तेथे शोधता येते. हे छायाचित्र पानावर पाच इंच रुंदीत बसविले. पॉवरपॉइंट जतन करताना चित्रे बहुधा दर इंची २२० ठिपक्यांपर्यंत आवळते, म्हणजे उरले ११०० पिक्सेल. रेषा चार पिक्सेलांची झाली. मग रूपांतरकाने पान ९६ ठिपक्यांनी चित्रित केले, उरले ४८० पिक्सेल. रेषा आता दोन पिक्सेलांचीही राहिली नाही. पुढे त्यास कोणतेही स्वरूप द्या, हरवलेली रेषा परत येत नाही.

जुन्या फाइलीतील 'मीडिया' कप्पा उलगडून पाहिला तर निदान ११०० पिक्सेलांची प्रत मिळते, ती रूपांतरित चित्रापेक्षा दुपटीहून चांगली असते. सदर विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेमके हेच करून काही अंशी बचाव झाला. आपल्यापैकी कोणाकडे जुनी सादरीकरणे असतील आणि मूळ छायाचित्रे हरवली असतील, तर हा कप्पा पाहण्यास विसरू नये. सादरीकरण बनविताना चित्र आवळण्याचा पर्याय बंद ठेवला असल्यास आत संपूर्ण मूळ छायाचित्रही सापडू शकते.

मराठी मजकुराची अडचण

इंग्रजी साच्यांच्या बाबतीत जी गोष्ट किरकोळ ठरते, ती आपल्याकडे मोठी होते. साच्यात टंकाचे नाव लिहिलेले असते, टंक स्वतः सहसा नसतो. दूरच्या संगणकावर तो टंक नसला तर दुसरा घेतला जातो, ओळींची लांबी बदलते आणि मजकूर चौकटीबाहेर वाहतो. युनिकोडमधील मजकूर असल्यास निदान वाचता तरी येतो. परंतु कोकणातील अनेक संस्थांच्या जुन्या साच्यांत युनिकोडपूर्व टंक आहेत. त्या पद्धतीत देवनागरी वळणे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी बसविलेली असत. टंक नसला की 'रत्नागिरी' या शब्दाच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची माळ उमटते. आणि एकदा का त्याचे चित्र झाले, की नंतर टंक मिळवूनही उपयोग नाही.

युनिकोड मजकुरातही जोडाक्षरे जुळविण्याचे काम प्रणालीस करावे लागते. 'शिल्प' मधील पहिली वेलांटी उच्चारात 'श' नंतर आणि लेखनात आधी येते. 'रत्न' मधील 'त्न', 'दऱ्या' मधील अर्धा र, ही सर्व जुळणी टंकाच्या आत लिहिलेल्या नियमांनी होते. पीडीएफ तयार करणारी प्रणाली हे नियम पाळीत नसेल तर पाय मोडलेली अक्षरे दिसतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी आहे ही नोंदही शाबूत राहावी लागते. म्हणून, ज्यास चित्रच हवे आहे त्याने आपल्याच संगणकावर, आपल्या टंकांनिशी आधी पीडीएफ करावे आणि टंक त्यात अंतर्भूत झाला आहे याची खात्री करून मगच पुढे जावे.

सड्यावरचा उजेड

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कातळशिल्पांच्या छायाचित्रणात उच्च गतिक पल्ल्याची आवश्यकता आहे काय?

कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसाईमळ अशा नऊ स्थळांचा अंतर्भाव आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावचे सडे पालथे घालून केलेल्या शोधकार्यामुळे यांपैकी अनेक ठिकाणे अभ्यासकांसमोर आली. ही शिल्पे उघड्या जांभ्यावर, जमिनीशी समांतर, उथळ खोदलेली आहेत. पावसाचे पाणी, शेवाळ, गुरांची व वाहनांची ये-जा आणि चिरेखाणी यांमुळे त्यांची झीज व हानी होते. उद्या एखादी रेषा नाहीशी झाली तर तिचा पुरावा म्हणून आज घेतलेले छायाचित्रच उरणार आहे.

उघड्या सड्यावर दुपारी प्रकाश प्रखर, सुमारे एक लाख लक्सपर्यंत असतो, परंतु तो सर्वत्र सारखा असतो. कातळ आणि खोदरेषा यांवर जवळपास तेवढेच ऊन पडते. म्हणजे दृश्यातील उजेड व अंधार यांचे गुणोत्तर मुळात लहानच आहे. कॅमेऱ्याच्या पल्ल्यात ते सहज मावते. रेषा दिसत नाहीत याचे कारण पल्ला अपुरा पडतो हे नसून सावली पडत नाही हे आहे. तेथे सोळा छायाचित्रे जोडूनही काही साधणार नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना, म्हणजे उगवतीनंतर किंवा मावळतीपूर्वी तासाभरात, तिरप्या किरणांनी उथळ खाचेतही सावली भरते आणि कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या देहातील लहानमोठ्या प्राण्यांच्या आकृती एकेक करून उमटू लागतात. रात्री जमिनीलगत धरलेल्या विजेरीनेही हेच साधते. रेषांचे मोजमाप हवे असेल तर अनेक कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती करणे अधिक विश्वसनीय होय. प्रस्तुत लेखकाच्या मते कातळशिल्पांसाठी एचडीआरचा आग्रह हा रोग एक आणि औषध दुसरे अशातला प्रकार आहे.

याच जिल्ह्यात एचडीआरची खरी गरज असलेली ठिकाणे मात्र आहेत. कसबा संगमेश्वर येथील कर्णेश्वर मंदिरात शिरावे. बाहेर लाखभर लक्स ऊन, गाभाऱ्यात जेमतेम दहा लक्स उजेड मानला तर गुणोत्तर दहा हजारास एक, म्हणजे तेरा वेळा दुप्पट करण्याहून अधिक. बाहेरच्या मानाने प्रकाशकाल ठरविला तर खांबांवरील कोरीवकाम काळ्या डागात बुडते. आतल्या मानाने ठरविला तर दार पांढरेफटक जळून जाते. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी बांधलेल्या आणि १९१० मध्ये पूर्ण झालेल्या रत्नागिरीतील राजवाड्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आतून टिपताना हीच अडचण येते. अशा ठिकाणी कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा, भिंगाचे छिद्र व रंगसंतुलन स्थिर ठेवावे आणि केवळ प्रकाशकाल बदलीत १/१०००, १/२५०, १/६०, १/१५ सेकंद अशी छायाचित्रे घ्यावीत. जोडणारी प्रणाली प्रत्येक पिक्सेलचे मूल्य त्याच्या प्रकाशकालाने भागते, जळालेल्या व बुडालेल्या मूल्यांना कमी वजन देते आणि सरासरी काढते. ल्युमिनन्स एचडीआर ही मुक्त प्रणाली हे काम करते. अशी तयार झालेली एचडीआर फाइल ही खऱ्या अर्थाने मोजणीची नोंद असते. पुढे पडद्यावर दाखविण्यासाठी तिचा पल्ला पुन्हा आवळावा लागतो, पण नोंद शाबूत राहते.

ती फाइल सादरीकरणात घालायची असेल तर आवळलेली प्रत जेपीजी म्हणून घालावी. पॉवरपॉइंट रेडियन्सच्या एचडीआर फाइली स्वीकारीत नाही. म्हणजे व्यवहारातील प्रवाह एचडीआरकडून साच्याकडे जाणारा आहे. आपण चर्चिलेला प्रवास त्याच्या उलट दिशेचा. अलीकडच्या भ्रमणध्वनींत छायाचित्रासोबत तेजस्वितेचा एक वेगळा थर साठविलेला असतो. तो थरही सादरीकरणातून पान चित्रित होताना बहुधा गळून जातो.

साच्याचे एचडीआर कधीच करू नये असे मात्र नाही. ब्लेंडरसारख्या त्रिमितीय प्रणालीत संग्रहालयाचे आभासी दालन उभारताना भिंतीवरील प्रकाशित फलक म्हणून एखादे पान लावायचे असेल, तर रेषीय मूल्यांची प्रतिमा सोयीची पडते. फलक किती तेजस्वी असावा हे तेथे आपणच गुणकाने ठरवितो. तेवढ्यापुरते रूपांतर सार्थ आहे, आणि तेही गिम्पच्या २०१८ मधील २.१० या आवृत्तीपासून घरच्या संगणकावर करता येते.

फाइल परक्या संगणकावर जाते तेव्हा

ऑनलाइन रूपांतरात आपली संपूर्ण फाइल दुसऱ्याच्या संगणकावर पोहोचते, केवळ पडद्यावर दिसणारा भाग नव्हे. पानावर कापून बसविलेल्या छायाचित्राचा कापलेला भागही फाइलीत पुष्कळदा तसाच असतो. छायाचित्रासोबत स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. वक्त्याच्या टिपा, फाइल बनविणाऱ्याचे नाव, सहभागी विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक हेही त्यात जाते. काही तासांत फाइल पुसली जाईल असे आश्वासन संकेतस्थळावर असले तरी ते तपासून पाहण्याचे साधन वापरकर्त्यापाशी नसते.

कातळशिल्पांच्या संदर्भात ही गोष्ट गंभीर आहे. अजून संरक्षण न लाभलेल्या, कुंपण नसलेल्या स्थळाचा अचूक ठावठिकाणा उघड होणे हे त्या स्थळाच्या हिताचे नसते. जमीन बहुधा खाजगी मालकीची असते, आणि गावकऱ्यांनी विश्वासाने दाखविलेली जागा आपल्या निष्काळजीपणामुळे सर्वतोमुखी व्हावी हे संशोधकास शोभणारे नाही. असे साचे चढविण्यापूर्वी फाइलीतील 'दस्तऐवज तपासा' ही सोय वापरून खाजगी नोंदी काढाव्यात, छायाचित्रांतील स्थाननोंद आधीच पुसावी. अर्थात, पुसलेली प्रत ती चढविण्याची. मूळ प्रत स्थाननोंदीसह आपल्याजवळ, निदान दोन निरनिराळ्या ठिकाणी, कोणत्याही साच्याबाहेर ठेवावी.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यांनी त्या सड्यावर पुन्हा जाण्याचे ठरविले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. सड्यावर गवत उगवले, खळग्यांत पाणी साचले. गवत सुकून कातळ उघडा पडेपर्यंत त्यांना थांबावे लागले. दिवाळीनंतर, एका सकाळी सूर्य उगवताना त्यांनी तीच शिल्पे नव्याने टिपली. मापपट्टी व उत्तर दिशेची खूण या वेळी प्रत्येक छायाचित्रात होती.